घोडा, चाप आणि आपलं बोट : पोलादी रिव्हॉल्व्हरविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात पॉलिमर (म्हणजे प्लास्टिकच्या जातीच्या चौकटीच्या) पिस्तुलांच्या देखभालीवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत बरीचशी पत्रं रिव्हॉल्व्हरविषयी निघाली. शस्त्रदुरुस्तीच्या बाकावर माझं आयुष्य गेलं आहे आणि या विषयावर मला मनापासून लिहायचं होतंच, म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिला.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. नेमबाजी क्लबात मी नऊ मिलिमीटरचं पॉलिमर पिस्तूल चालवतो. एका ज्येष्ठ सभासदांनी त्यांचं .३८ काडतुसाचं, चार इंची नळीचं पोलादी रिव्हॉल्व्हर हातात दिलं. त्यावर सहा गोळ्या झाडल्या आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. माझं पिस्तूल हलकं आहे, सतरा गोळ्या घेतं, साफ करायला सोपं आहे. कागदावर सगळं त्याच्याच बाजूने आहे. मग ही ओढ कसली? निव्वळ जुन्याचं वेड म्हणायचं का? – एक क्लब नेमबाज

उत्तर : जुन्याचं वेड म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या बोटाला जे जाणवलं ते खरं आहे आणि त्याचं कारण यंत्रात आहे.

पिस्तुलात पहिली गोळी सुटली की पुढची सगळी कामं त्या गोळीच्या धक्क्यावर होतात. स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाते, रिकामं काडतूस बाहेर फेकते, परतताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. तुमच्या बोटाकडे उरतं ते फक्त खटका सोडणं. ग्लॉक १७ या पॉलिमर पिस्तुलाचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. ओढ आखूड, आणि प्रत्येक वेळी सारखीच.

रिव्हॉल्व्हरमध्ये नवं काडतूस समोर आणायचं काम बोटाला करावं लागतं. डबल ॲक्शनमध्ये, म्हणजे घोडा आधी न चढवता नुसत्या चापाने झाडताना, चाप ओढायला साडेचार-पाच किलो जोर लागतो, आणि तेवढ्या एका ओढीत आत बरंच काही घडतं. ज्येष्ठ सभासदांची परवानगी काढा, रिव्हॉल्व्हर रिकामं आहे हे दोघांनीही डोळ्यांनी तपासा, सुरक्षित दिशेला नळी धरा आणि चाप अगदी सावकाश ओढून बघा. सुरुवातीला सिलिंडरखालची (काडतुसांचे कप्पे असलेल्या फिरत्या नळकांड्याखालची) खिट्टी तिच्या खाचेतून खाली उतरते. मग चापाला जोडलेली एक पट्टी वर सरकून सिलिंडरच्या मागच्या दात्यांना रेटते, आणि सिलिंडर फिरायला लागतं. घोडा, म्हणजे काडतूस फोडायला आघात करणारा मागचा भाग, मागे झुकत असतोच. मध्येच बारीकसा ‘टक्’ ऐकू येतो : खिट्टी पुढच्या खाचेत बसली, नवा कप्पा नळीच्या रेषेत आला. त्यानंतर बोट आणखी थोडं मागे येतं आणि घोडा सुटतो. हा क्रम ज्या रिव्हॉल्व्हरात चोख जुळलेला असतो, तिथे बोटाला प्रत्येक टप्पा कळतो. पॉलिमर पिस्तुलात असं काही कळायला जागाच ठेवलेली नसते. तो त्याचा दोष नव्हे, रचनाच तशी आहे.

म्हणूनच दोन रिव्हॉल्व्हरांचे चाप एकसारखे नसतात. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या रिव्हॉल्व्हरचा चाप चांगला असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच वजनाने येतो. जुन्या कोल्ट पायथनचा चाप (हे मॉडेल १९५५ चं) सुरुवातीला लोण्यासारखा असतो आणि शेवटाला जड होत जातो. त्या जडपणावरून अनुभवी माणसाला कळतं की आता घोडा सुटणार. काहींना तेच आवडतं. मला स्वतःला स्मिथचा चाप जास्त भावतो, पण पायथनवर हात बसलेल्या माणसाशी मी वाद घालणार नाही.

बोट काम करतं म्हणजे वेग कमी, असंही समजू नका. एड मॅकगिव्हर्न या अमेरिकी नेमबाजाने १९३२ मध्ये डबल ॲक्शन रिव्हॉल्व्हरने पाच गोळ्या ०.४५ सेकंदात झाडल्या. तिथल्याच जेरी मिक्युलेक या नेमबाजाने १९९९ मध्ये सहा गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरलं आणि आणखी सहा झाडल्या, हे सगळं २.९९ सेकंदांत. अर्थात ती दोन बोटं वेगळीच होती. पण यंत्र तेवढं देऊ शकतं, हे त्यावरून दिसतं.

आता वजनाचं. स्मिथ अँड वेसनचं जाड नळीचं चार इंची मॉडेल १० रिकामं असताना किलोभर भरतं. ग्लॉक १७ रिकामं सुमारे ६३० ग्रॅम, पण सतरा काडतुसांचं मॅगझिन घातलं की ९०० ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे भरल्यावर फरक वाटतो तेवढा राहत नाही. फरक पडतो तो वजन कुठे आहे याने. पिस्तुलाचं भरलेलं वजन मुठीत असतं आणि गोळ्या संपतील तसं ते उतरत जातं. रिव्हॉल्व्हरचं वजन सिलिंडरमध्ये आणि नळीत, म्हणजे हाताच्या पुढे असतं, आणि सहाव्या गोळीपर्यंत जवळपास तिथेच राहतं. त्या वजनाने माशी (नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण) स्थिर बसते. तुमचे सहा छिद्रांचे गट पिस्तुलापेक्षा जवळ पडले असतील तर मला नवल वाटणार नाही.

तिसरी गोष्ट हातांची. जुनं मॉडेल १० दुरुस्तीला आलं की मी बाजूची पट्टी काढतो. स्क्रू काढल्यावर तिला स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नसतं. मुठीच्या लोखंडावर लाकडी दांड्याने हलके टोले दिले की कंपनानेच ती वर येते. इतकी ती चौकटीत घट्ट बसवलेली असते, बाहेरून सांधा शोधावा लागतो. आत चौकटीवर आणि पट्टीवर एकच जुळणी क्रमांक ठोकलेला असतो, कारण ती पट्टी त्याच चौकटीसाठी घासून बसवलेली आहे, दुसऱ्या चौकटीला ती तशी बसायची नाही. काही भागांवर कानशीचे बारीक ओरखडे दिसतात. कुणीतरी भाग लावून पाहिला, काढला, थोडा घासला, पुन्हा लावला. ग्लॉकचे सगळे मिळून तीस-पस्तीस भाग, आणि एकाचा भाग दुसऱ्यात बिनबोभाट बसतो. सैन्याला हेच हवं असतं आणि ते बरोबरच आहे. पण घासून जुळवलेल्या यंत्राचा स्वभाव त्यात येत नाही.

पोलादाच्या रंगाबद्दलही लिहायलाच हवं. जुन्या कोल्टचा ‘रॉयल ब्लू’ रंग बघून लोक विचारतात की कोणतं रसायन वापरत होते. ती खोली रसायनापेक्षा आधीच्या पॉलिशमधून येते. पोलाद जितकं बारीक घासून आरशासारखं केलं, तितकी वरची निळाई खोल दिसते. वापराने नळीच्या टोकाशी आणि सिलिंडरच्या कडांवर हा रंग उडतो, खालचं पोलाद उजळ दिसू लागतं. ते कुठे उजळलंय यावरून शस्त्र कसं वागवलं गेलंय, ते मला न विचारता कळतं.

एवढं सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्याचा जीव हातातल्या शस्त्रावर अवलंबून आहे त्याने पिस्तूल घेतलं, यात माझ्या मते काहीच चुकलेलं नाही. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या एजंटांची दोन सशस्त्र दरोडेखोरांशी चकमक झाली. त्यात दोन एजंट ठार आणि पाच जखमी झाले. एका एजंटला रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असतानाच हातावर गोळी लागली. जखमी हाताने सहा काडतुसं सहा कप्प्यांत घालणं किती अवघड आहे, हे त्या दिवसाने दाखवून दिलं, आणि अमेरिकेतली पोलीस दलं रिव्हॉल्व्हर सोडू लागली त्यामागे त्या चकमकीचा मोठा वाटा होता. तुम्ही क्लबात कागदावर नेम धरता, तुमच्यापुढे तो प्रश्न नाही. तुम्हाला चापाची ती लांब ओढ शिकावीशी वाटते आहे. शिका. पिस्तुलावरचा तुमचा हातही त्याने सुधारेल, कारण पाच किलोच्या लांब ओढीत माशी न हलवणारं बोट अडीच किलोच्या आखूड ओढीत सहसा चुकत नाही.

प्रश्न : रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही, असं आमच्याकडचे सगळे जुने नेमबाज सांगतात. हे खरं का? – पिस्तूल अडकल्याने त्रासलेला

उत्तर : अर्धं खरं. काडतूस फुटलं नाही तर रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढायचा, दुसरं काडतूस समोर येतं. पिस्तुलात स्लाइड ओढून ते बाहेर काढावं लागतं. शिवाय रिव्हॉल्व्हरला काडतुसाच्या ताकदीशी देणंघेणं नसतं. कागदावर गोल भोक पाडणारी सपाट तोंडाची मऊ वॉडकटर असो की जोरदार भार, सिलिंडर फिरवणारं तुमचं बोटच. पिस्तुलाची स्लाइड कमजोर काडतुसावर अर्ध्यातच थांबते. मनगट ढिलं पडलं तरी थांबते. वर्षानुवर्षं कपाटात भरून ठेवलेलं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं आणि चाललं, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. भरून ठेवल्याने त्यातली कुठलीही स्प्रिंग जास्तीची ताणली जात नाही.

पण रिव्हॉल्व्हर अडकतं, आणि अडकलं की वाईट अडकतं. पिस्तुलाचा अडथळा शिकलेला माणूस दोन-तीन सेकंदांत मोकळा करतो. रिव्हॉल्व्हरच्या कित्येक अडथळ्यांना बाक आणि अवजारं लागतात.

सगळ्यात जास्त त्रास देतो तो ताऱ्याखालचा कचरा. सिलिंडर उघडून मागची दांडी दाबली की रिकामी काडतुसं वर उचलणारा चांदणीच्या आकाराचा भाग दिसतो. न जळलेल्या दारूचे चार-दोन कण त्याच्याखाली अडकले की तो पूर्ण खाली बसत नाही. काडतुसांच्या कडा केसभर मागे येतात, मागच्या पोलादाला घासतात आणि चाप दगडासारखा होतो. माणूस घाबरतो, मोठा बिघाड समजतो. जुन्या टूथब्रशने ताऱ्याची खालची बाजू आणि त्याची खोबण झटकली की काम होतं. म्हणून रिकामी काडतुसं काढताना नळी सरळ आभाळाकडे करून दांडी एकदाच, जोरात दाबायची. म्हणजे कण काडतुसांबरोबर खाली पडतात, ताऱ्याखाली जात नाहीत. तेल ताऱ्याखाली अजिबात नको, कण तिथेच चिकटतात.

दुसरा बिघाड त्याच दांडीचा. ती आट्यांवर बसवलेली असते. ढिली झाली की थोडी लांब होते आणि सिलिंडर उघडतच नाही. तिसरा, हलक्या रिव्हॉल्व्हरात जोरदार काडतुसं : धक्क्याने शस्त्र मागे जातं, आणि न झाडलेल्या काडतुसातली गोळी जडत्वाने आपल्या पुंगळीतून पुढे सरकते. ती सिलिंडरच्या तोंडाबाहेर आली की सिलिंडर फिरत नाही. हे पोलादी, जड रिव्हॉल्व्हरात सहसा होत नाही.

थोडक्यात, दुर्लक्ष रिव्हॉल्व्हर पिस्तुलापेक्षा जास्त सोसतं, पण आपटणं, चिखल आणि वाळू पिस्तूल जास्त सोसतं. रिव्हॉल्व्हरच्या आत वेळेचं जे नाजूक गणित आहे, त्याला धक्का लागला की ते आपणहून सुधारत नाही.

प्रश्न : पॉलिमर म्हणजे शेवटी प्लास्टिकच ना? माझ्या मुलाला पॉलिमर पिस्तूल घ्यायचंय, मला ते खेळणं वाटतं. – एक काळजीवाहू वडील

उत्तर : घेऊ द्या, काका. मी स्वतः पोलादाच्या बाजूचा माणूस आहे, तरी पॉलिमरला खेळणं म्हणणं मला पटत नाही.

पॉलिमरची चौकट ही काही ग्लॉकची नवी कल्पना नव्हती. जर्मनीतल्या हेक्लर अँड कॉखने १९७० मध्ये व्हीपी७० हे पिस्तूल तशा चौकटीचं काढलं होतं. त्याचा चाप फार जड होता आणि ते फारसं चाललं नाही. गॅस्टन ग्लॉक यांचं पिस्तूल ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलं, आणि तिथून हवा बदलली. चौकट नायलॉन जातीच्या पॉलिमरची, पण स्लाइड पोलादी, नळी पोलादी, आणि स्लाइड ज्या रुळांवर धावते ते रूळही पोलादाचेच, चौकटीत ओतून बसवलेले. सुरुवातीला लोक म्हणायचे की हे पिस्तूल धातुशोधक यंत्राला दिसणार नाही. एवढं पोलाद असताना ते शक्यच नव्हतं. गोळी सुटताना चौकट किंचित लवते आणि धक्क्याचा काही भाग पिऊन टाकते. ती गंजत नाही, घामाने खराब होत नाही, थंडीत हाताला बोचत नाही. दमट हवेत शस्त्र वापरणाऱ्याला विचारा, तो याची किंमत सांगेल. गंजाला पोलादानेही उत्तर दिलं होतं, पॉलिमरच्या थोडं आधी : स्टेनलेस पोलादाचं पहिलं रिव्हॉल्व्हर, स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६०, १९६५ मध्ये आलं.

आणि रिव्हॉल्व्हरनेही पॉलिमर घेतलंच की. रुगर कंपनीच्या २००९ च्या एलसीआर रिव्हॉल्व्हरमध्ये चापाची सगळी जुळणी पॉलिमरच्या घरात बसवली आहे, आणि त्या आकारात तितका मऊ चाप मी फार कमी पोलादी रिव्हॉल्व्हरांत पाहिला.

मुलाला एवढंच सांगा की चाप आखूड आहे आणि बाहेर वेगळी सुरक्षा कडी नाही. चापावरची पट्टी दाबली गेली की आतल्या सुरक्षा उठतात. म्हणून बोट नेम धरेपर्यंत चापाबाहेरच राहिलं पाहिजे, आणि पिस्तूल म्यानात घालताना कपड्याची कड किंवा दोरी चापात अडकत नाही ना, हे दर वेळी बघायचं. लांब, जड चापाच्या रिव्हॉल्व्हरमध्ये अशी चूक लक्षात यायला थोडा अवधी तरी मिळतो.

प्रश्न : पिस्तुलावर मी दोन्ही अंगठे पुढे ठेवतो. रिव्हॉल्व्हरवरही तसंच धरू का?

उत्तर : नाही. सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये साधारण एक दशांश ते पाव मिलिमीटरची फट असते. गोळी सुटताना त्या फटीतून दोन्ही बाजूंना तापलेला वायू आणि शिशाचे कण बाहेर पडतात. दमदार काडतुसाच्या वेळी तिथे अंगठा असेल तर कातडी फाटते, भाजते. अंगठे वाकवून एकावर एक ठेवा, सिलिंडरच्या मागेच. शेजारच्या माणसालाही तुमच्या सिलिंडरच्या रेषेत उभं राहू देऊ नका. ही फट बुजवणारं एक रिव्हॉल्व्हर झालं, १८९५ चं नागां. त्यात घोडा चढताना अख्खं सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतं. पण त्या करामतीची किंमत चापात मोजावी लागते, तो फारच जड आहे.

प्रश्न : सिनेमात मनगटाला झटका देऊन सिलिंडर बंद करतात. मलाही जमायला लागलंय. – महाविद्यालयीन नेमबाज

उत्तर : आजपासून बंद करा. सिलिंडर ज्या बारीक बाहीवर उघडतं ती वाकते. एकदा वाकली की कप्पा नळीच्या रेषेत येत नाही. दुसऱ्या हाताच्या तळव्याने हलकेच आत ढकला.

प्रश्न : चाप फार जड वाटतो. स्प्रिंग कापून हलका करता येतो असं ऐकलं. आणि मुठीच्या पुढच्या बाजूचा छोटा स्क्रू ढिला केला तरी चालतं म्हणे?

उत्तर : दोन्ही करू नका. स्मिथच्या मुठीतला तो स्क्रू मुख्य स्प्रिंगला ताण देतो. तो पूर्ण आवळलेलाच असायला हवा. ढिला केला की चाप हलका होतो, घोडाही हलका पडतो, आणि काडतुसं फुटेनाशी होतात. ‘माझं रिव्हॉल्व्हर बिघडलं’ म्हणून येणाऱ्यांपैकी कित्येकांचा मी फक्त हा स्क्रू आवळून दिला आहे. चाप खरंच खरखरीत असेल तर जाणत्या दुरुस्तीकाराकडे द्या. नाहीतर सरावाची नकली काडतुसं घालून, दारूगोळा दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीवरच्या ठिपक्यावर रोज थोडा कोरडा सराव करा. भाग एकमेकांना घासून गुळगुळीत होतात आणि बोटाची ताकदही वाढते. फक्त .२२ चं रिव्हॉल्व्हर असेल तर नकली काडतुसांशिवाय घोडा पाडू नका, काडतूस फोडणारी सुई कप्प्याच्या कडेवर आदळते.

प्रश्न : पोलादीच घ्यायचं ठरलंय, पण खिशात मावणारं छोटं आणि हलकं बघतोय. .३५७ मॅग्नममध्ये तीनशे-साडेतीनशे ग्रॅमचं मिळतं. कसं वाटतं?

उत्तर : पहिलं शस्त्र म्हणून अजिबात नको. तेच काडतूस, तीच गोळी, तोच धक्का. पण शस्त्राचं वजन तिसऱ्या हिश्शावर आणलं की ते तिप्पट वेगाने मागे येतं आणि तळव्यावर तिप्पट ऊर्जेने आदळतं. स्मिथ अँड वेसनच्या १.१ किलोच्या पोलादी मॉडेल ६८६ ने झाडलेलं मॅग्नम सुसह्य असतं. ३४० ग्रॅमच्या स्कँडियम मिश्रधातूच्या रिव्हॉल्व्हरमधून तेच काडतूस झाडलं की दुसऱ्या गोळीला बोट आपोआप घाबरतं, आणि बोटाची ती भीती पुढे महिनोन्महिने जात नाही. असं हलकं शस्त्र बाळगायला सोपं आणि शिकायला सगळ्यात कठीण. चार इंची नळीचं, पोलादी, मध्यम चौकटीचं घ्या. .३५७ चं घेतलंत तर त्यात .३८ स्पेशलही चालतं. १९३५ मध्ये मॅग्नम काढताना पुंगळी मुद्दाम थोडी लांब केली, ती जुन्या .३८ च्या रिव्हॉल्व्हरात बसू नये म्हणून. सुरुवातीला .३८ च झाडा. फक्त .३८ झाडून झाल्यावर कप्प्यांत पुढे जे काळं कडं साचतं ते ब्रशने काढल्याशिवाय मॅग्नम घालू नका, ते अडकून बसतं.

प्रश्न : एका परवानाधारक ओळखीच्यांकडून जुनं रिव्हॉल्व्हर घेण्याचा विचार आहे. घेण्याआधी काय काय बघावं? – पहिल्यांदाच रिव्हॉल्व्हर घेणारा

उत्तर : चकाकी सगळ्यात शेवटी बघा. नव्याने पॉलिश करून निळं केलेलं शस्त्र दुरून सुंदर दिसतं, पण कडा गोल झालेल्या असतात आणि ठसे पुसट झालेले. मला तरी रंग उडालेलं, पण कडा शाबूत असलेलं शस्त्र अधिक प्रामाणिक वाटतं.

आधी ते रिकामं आहे हे पाहा, एकेक कप्पा बोटाने चाचपून. मग सिलिंडर बंद करून पुढे-मागे हलवा. जाणवेल इतकं हलत असेल तर झीज आहे. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. पाव मिलिमीटरहून अधिक असेल तर विचार करा. त्यानंतर घोडा अंगठ्याने अगदी सावकाश चढवा, आणि चढवताना दुसऱ्या बोटाने सिलिंडरला हलकासा अडथळा द्या. घोडा पूर्ण चढण्याआधी खिट्टी खाचेत बसली पाहिजे. सहाही कप्प्यांवर हे करा, कारण एखादाच दाता झिजलेला असतो. घोडा चढलेला असताना, चापाला हात न लावता, अंगठ्याने घोड्याला मागून पुढे रेटा. तो सुटला तर ते शस्त्र दुरुस्तीशिवाय वापरण्याजोगं नाही.

नंतर नळीचं मागचं तोंड टॉर्चने बघा. स्मिथ अँड वेसनचं .३५७ चं मॉडेल १९ असेल तर तिथे खास लक्ष द्या. सिलिंडरच्या बाहीला जागा मिळावी म्हणून त्या तोंडाची खालची बाजू सपाट तासलेली आहे आणि तिथे पोलाद पातळ आहे. हलक्या गोळ्यांची वेगवान मॅग्नम काडतुसं भरपूर झाडलेल्या शस्त्रांत नेमकी तिथे चीर जाते. साध्या डोळ्यांना ती काळ्या केसासारखी दिसते, म्हणून तिथलं शिसं आणि काजळी आधी साफ करून घ्या. विकणारा साफ करू देत नसेल तर निघून या.

आणि खूप जुनं असेल तर घोडा अडवणारी सोय आत आहे का, हे उघडून पाहणाऱ्याकडून खात्री करून घ्या. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसनचं ‘व्हिक्टरी’ मॉडेल एका जहाजाच्या पोलादी डेकवर पडलं, घोड्यावर आपटून गोळी सुटली आणि एक खलाशी मेला. त्यानंतर १९४४ च्या अखेरीस कंपनीने घोड्यासमोर सरकणारी नवी पट्टी बसवली. त्याआधीच्या शस्त्रांत जुनी, कमी भरवशाची सोय असते. जुन्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरांत (ज्यांत घोडा दर वेळी अंगठ्याने चढवावा लागतो) तर भरवशाची अशी सोय नव्हती, म्हणून लोक घोड्याखालचा कप्पा रिकामा ठेवून पाचच काडतुसं भरत. रुगरने १९७३ मध्ये आपल्या सिंगल ॲक्शनात सुरक्षा पट्टी आणली, तेव्हापासूनच त्यांची सहाही काडतुसांनिशी बाळगता येऊ लागली. तुम्ही घेणार असलेलं शस्त्र त्याआधीच्या जातीचं असेल तर पाचच भरा, आणि घरातल्या ज्यांच्या हाती ते कधी जाऊ शकतं त्यांनाही हे आजच सांगून ठेवा.